नव्या क्रूझ जहाजाची बाल्कनी: पैसे समुद्राचे, दर्शन लाइफबोटीचे

झिरोमाईल

नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही तिघे, म्हणजे मी, सौ. आणि माझी आई, सिंगापूरहून निघून पेनांग व फुकेत करून परत येणाऱ्या एका नव्याकोऱ्या जहाजावर जाऊन आलो. जेवण, करमणूक आणि कर्मचाऱ्यांचे अगत्य यांबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. ते सगळे उत्तम होते. हा धागा केवळ आमची केबिन आणि तिची बाल्कनी यांपुरता आहे. नागपुरातून बरेच जण आता अशा सहलींची चौकशी करू लागले आहेत, आणि बाल्कनीसाठी जे जास्तीचे पैसे मोजावे लागतात त्यांच्या बदल्यात नेमके काय पदरात पडते, हे आधी कोणीच नीट सांगत नाही.

आईच्या गुडघ्यांमुळे तिला वरच्या डेकवर फार वेळ फिरता येत नाही. तिने सकाळचा चहा घेऊन बाल्कनीत बसावे आणि समुद्र पाहावा, एवढ्याचसाठी आम्ही खिडकीची स्वस्त केबिन सोडून बाल्कनीची घेतली. बर्डीवरच्या ज्या एजंटाकडे बुकिंग केले त्याने 'बाल्कनी गॅरंटी' या श्रेणीत नाव घातले आणि केबिनचा क्रमांक कंपनी मागाहून कळवील, परंतु बाल्कनी पक्की, असे सांगितले. माहितीपुस्तिकेत काचेचा कठडा, दोन लांब आरामखुर्च्या आणि क्षितिजापर्यंत पाणी असे चित्र होते. प्रत्यक्षात दार सरकवले तेव्हा समोर छातीपर्यंत येणारी पांढरी पोलादी भिंत होती, तिच्या पलीकडे जेमतेम हातभर खाली लाइफबोटीचे नारिंगी छप्पर होते, आणि डाव्या हाताला ती बोट उचलून धरणारा डेव्हिटचा जाडजूड दांडा होता, ज्याच्या सांध्यांना लावलेल्या ग्रीसचा वास ऊन चढले की थेट खुर्चीपर्यंत येत असे. संत्र्यांच्या गावातून एवढ्या लांब जाऊन पुन्हा नारिंगी रंगच पाहायचा, असे सौ. म्हणाली ते अगदी खरे आहे. उभे राहून, पुढे वाकून, उजवीकडे मान वळवली तर पाणी दिसत असे. आई खुर्चीत बसली की तिला भिंत आणि वरचे आकाश एवढेच दिसे.

माझा व्यवसाय घरांच्या अंतर्गत सजावटीचा असल्यामुळे मोजपट्टी सोबत असतेच. बाल्कनीची खोली चार फुटांहून थोडी कमी भरली. खुर्चीत बसले की गुडघे भिंतीला टेकत. पुस्तिकेतील २२० चौरस फुटांत ही बाल्कनी, न्हाणीघर आणि कपाटे हे सगळे धरलेले होते. आपल्याकडे बिल्डर सुपर बिल्टअप सांगून फ्लॅट विकत असत, तोच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की २०१६ च्या रेरा कायद्याने आपल्याकडे चटई क्षेत्र सांगणे बंधनकारक झाले आणि त्यात बाल्कनी धरता येत नाही. आईसाठी सोफ्याचा पलंग उघडला की तो बाल्कनीच्या दारापर्यंत पोहोचत असे, म्हणजे रात्री दार उघडायचे असेल तर आधी आईला उठवावे लागे.

फुकेतला मात्र गंमत झाली. तेथे आमचे जहाज धक्क्याला न लागता पातोंगसमोर नांगर टाकून उभे राहिले आणि प्रवाशांना किनाऱ्यावर नेण्यासाठी लाइफबोटी पाण्यात उतरवल्या. त्यांत आमच्या पुढ्यातली बोटही गेली, आणि दिवसभर, त्या दांड्याचा भाग सोडला तर, उभे राहणाऱ्याला समोर मोकळा समुद्र होता. संध्याकाळी बोट परत जागेवर चढली. स्वागतकक्षात तक्रार केली तेव्हा जहाज पूर्ण भरले असल्यामुळे केबिन बदलता येणार नाही, असे नम्रपणे सांगण्यात आले.

माझा प्रश्न असा आहे: समोर अडथळा असलेली बाल्कनी, तसे न सांगता, पूर्ण बाल्कनीच्या दराने विकता येते काय? आणि आता परत आल्यावर काही करता येण्यासारखे आहे काय?

सोनेगाव

आम्हीसुद्धा पुढच्या वर्षासाठी नेमक्या अशाच जहाजाचा विचार करीत आहोत, तेव्हा चर्चा वाचतो आहे. डेक प्लॅनवर त्या केबिनसमोर काही खूण होती काय?

झिरोमाईल

बुकिंगच्या वेळी क्रमांकच नव्हता, त्यामुळे डेक प्लॅनवर पाहायचे तरी कोठे? क्रमांक निघण्याच्या थोडे आधी आला. तेव्हा संकेतस्थळावरचा नकाशा पाहिला, तर आमच्या केबिनवर कोणतीही खूण नव्हती. बाहेरच्या बाजूला लाइफबोटीची एक पुसट रेघ तेवढी काढलेली होती.

यंत्रकक्ष

मी आधी मालवाहू आणि नंतर प्रवासी जहाजांवर इंजिनिअर म्हणून काम केले आहे; आता मनीषनगरात स्थायिक आहे. बोट तुमच्याच पुढ्यात का होती, हे सांगतो, कारण ते कळले की पुढच्या वेळी नकाशा कसा वाचायचा हेही कळते.

लाइफबोटी कोठे टांगायच्या हे जहाज कंपनीच्या मर्जीवर नसते. समुद्रावरील जीवितसुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्याला आम्ही सोलास म्हणतो, त्यानुसार प्रवासी जहाजावर बोटीत चढण्याच्या स्थितीत डेव्हिटचे डोके शक्यतो पाण्यापासून १५ मीटरच्या वर असू नये. आजची मोठी जहाजे अठरा-वीस मजल्यांची असतात, म्हणजे बोटी खालच्या भागातच येणार, आणि वरचे सगळे मजले बाल्कन्यांसाठी मोकळे होणार. ही व्यवस्था वरच्यांच्या फायद्याची आहे. तिची किंमत बोटींच्या लगेच वर असलेला एखादा मजला मोजतो, आणि तुम्ही नेमके त्या मजल्यावर होता. त्यात बोटींचा आकारही वाढत गेला आहे. नियमानुसार एका लाइफबोटीत जास्तीत जास्त १५० माणसे बसवता येतात, परंतु समतुल्य सुरक्षितता सिद्ध करून सवलत घेता येते; २००९ च्या ओअॅसिस ऑफ द सीज या जहाजाच्या बोटी ३७० माणसांच्या आहेत. एवढ्या बोटीचे छप्पर केवढे असेल, याची कल्पना करा.

पोलादी भिंतीचे कारण वेगळे आहे. वरच्या मजल्यांचा सांगाडा हलका असतो, तेथे काचेचा कठडा चालतो. खालच्या मजल्यांवर जहाजाची बाजूच पोलादी असते आणि बाल्कनी म्हणजे तिला कापलेले एक भोक असते. काही जणांना अशा बाल्कन्या आवडतात, कारण वारा कमी लागतो आणि पाणी जवळ असते. मात्र खाली बोट नसेल तरच.

खुर्च्या साध्या आणि ताठ पाठीच्या का असतात, असेही काही जण विचारतात. २३ मार्च २००६ रोजी जमैकाकडे जाणाऱ्या स्टार प्रिन्सेस या जहाजावर बाल्कनीतून आग सुरू झाली. सिगारेटचे थोटूक हे तिचे संभाव्य कारण मानले गेले. बाल्कन्यांमधील प्लॅस्टिकच्या आडभिंती आणि फरशा पेटत गेल्या, शंभराहून अधिक केबिनचे नुकसान झाले आणि एक प्रवासी दगावला. त्यानंतर २००८ पासून बाल्कनीतील सामान, आडभिंती, आग ओळखणारी यंत्रणा आणि पाण्याचे फवारे यांविषयी कडक नियम लागू झाले. चित्रातल्या जाडजूड गाद्यांच्या खुर्च्या प्रत्यक्षात क्वचितच दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

नव्या जहाजाबाबत एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. केबिन आता कारखान्यात पूर्ण तयार होतात, न्हाणीघरासकट, आणि मग खणात ड्रॉवर सरकवावा तशा जहाजात बसवल्या जातात. विक्री मात्र जहाज गोदीत असतानाच, वर्ष-दोन वर्षे आधी, सुरू होते. त्या वेळी कंपनीकडेही छायाचित्र नसते. संगणकावर काढलेले चित्र असते, आणि ते काढणारा लाइफबोट कशाला काढील? जुन्या जहाजाच्या जवळपास प्रत्येक केबिनचे छायाचित्र कोणीतरी टाकलेले सापडते. नव्या जहाजाच्या पहिल्या हंगामात ते नसते.

धरमपेठ_प्रवास

माझे प्रवास आरक्षणाचे छोटे कार्यालय आहे, त्यामुळे विक्रेत्यांची बाजूही मांडतो. 'गॅरंटी' याचा व्यवहारातला अर्थ असा, की श्रेणी तुमची आणि क्रमांक कंपनीचा. ती स्वस्त असते, कारण जे क्रमांक कोणी निवडलेले नाहीत ते कंपनीला त्यातून भरायचे असतात, आणि कोणीही न निवडलेले क्रमांक कोणते असणार, हे उघड आहे: बोटींवरचे, स्वयंपाकघरावरचे, पोहण्याच्या तलावाखालचे. काही वेळा नशिबाने वरची श्रेणीही मिळते, आणि ज्यांना मिळते ते धागे काढत नाहीत. एजंटाने हे तुम्हाला स्वच्छ सांगायला हवे होते, यात वाद नाही. परंतु बहुतेक कंपन्या अडथळ्याच्या बाल्कन्यांना वेगळा संकेत देतात आणि त्या थोड्या कमी दराने विकतात. तुमच्या पावतीवर श्रेणीचा जो दोन-तीन अक्षरांचा संकेत आहे तो पाहा. तो अडथळ्याच्या श्रेणीचा निघाला, तर तुमची तक्रार कंपनीविरुद्ध कमी आणि एजंटाविरुद्ध जास्त आहे.

शिवाय आता 'बाल्कनी' या एकाच नावाखाली अगदी निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. सेलिब्रिटी एज हे जहाज २०१८ च्या शेवटी आले तेव्हा तिच्यात अशी रचना होती, की बाल्कनी वेगळी नसून केबिनचाच पुढचा भाग आहे आणि कळ दाबली की काचेचा वरचा अर्धा भाग खाली उतरतो. केबिन मोठी वाटते, पण बाहेर बसल्याची भावना येत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. ओअॅसिस वर्गाच्या जहाजांत काही बाल्कन्या जहाजाच्या आतल्या बागेकडे तोंड करून असतात. त्यांना समुद्र नाहीच, पण ते आधी स्पष्ट सांगितलेले असते. मुंबईहून चालणारे कॉर्डेलियाचे एम्प्रेस हे १९९० साली बांधलेले जहाज आहे, त्यावर बाल्कन्या मोजक्याच आहेत आणि बहुसंख्य प्रवासी खिडकीच्या किंवा आतल्या केबिनमध्ये राहतात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी विचारतो, की तुम्ही केबिनमध्ये बसणार आहात की फक्त झोपणार आहात.

फुटाळाकाठ

थोडे विरुद्ध मत. मलाक्काच्या सामुद्रधुनीत बाल्कनीवर एवढा खर्च करण्यातच फारसा अर्थ नाही. आपल्याला मे महिन्यातल्या ४५ अंशांची सवय असली तरी ती कोरड्या उन्हाची आहे. तेथे दहा मिनिटांत चष्म्यावर वाफ धरते आणि अंगाला कपडे चिकटतात. दार उघडे ठेवले की केबिनचा एसी आपोआप बंद होतो, कारण दाराला तशी कळ बसवलेली असते. आम्ही खिडकीची केबिन घेतली आणि उरलेल्या पैशांत सगळ्यांसाठी पेनांगला किनारी फेरी केली. पहाटे वरच्या डेकवर एक खुर्ची ओढून बसले की हवा तेवढा समुद्र फुकट आहे.

झिरोमाईल

फुटाळाकाठ, आपले म्हणणे तब्येत धडधाकट असलेल्यांसाठी बरोबर आहे. आईला लिफ्टपर्यंतचा तो लांबलचक मार्गिकेचा पट्टाच जड जात होता. बाल्कनी ही आमच्यासाठी चैन नव्हती.

धरमपेठ_प्रवास, पावती काढून पाहिली. संकेत सामान्य बाल्कनीचाच आहे, अडथळ्याचा नाही. कंपनीच्याच संकेतस्थळावर अडथळ्याच्या बाल्कनीची वेगळी श्रेणी आहे, तिचा दर कमी आहे, आणि तिच्या वर्णनात समुद्राचे दृश्य अंशतः झाकलेले असेल असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे अडथळा काय असतो हे कंपनीला ठाऊक आहे, त्याची किंमत कमी असावी हेही मान्य आहे, फक्त आमची केबिन त्या यादीत घातलेली नाही. क्रमांक कोणता द्यायचा हा अधिकार मी त्यांना दिला होता, हे मान्य; पण ज्या श्रेणीचे पैसे घेतले त्या श्रेणीची वस्तू देण्याचे बंधन त्यामुळे संपते, हे मला पटत नाही. आमच्या शेजारच्या दोन्ही केबिनमध्ये सिंगापूरचीच कुटुंबे होती. त्यांच्या बाल्कन्याही अशाच होत्या आणि त्यांनीही सामान्य दरच भरला होता.

यंत्रकक्ष

हे नव्या जहाजांवर होते. श्रेणी ठरतात त्या आराखड्यावरून, आणि आराखड्यात बोट बाहेरच्या बाजूला टांगलेली असल्यामुळे ती केबिनच्या खाली दिसते, समोर नाही. तिचे छप्पर किती वर येईल हे जहाज पाण्यात आल्यावरच कळते. एक-दोन हंगामांनंतर तक्रारी साचल्या की कंपन्या अशा केबिनची श्रेणी गुपचूप बदलतात. तुमचा क्रमांक वर्षभराने पुन्हा संकेतस्थळावर तपासून पाहा.

सनद_नागपूर

जिल्हा ग्राहक आयोगासमोर वकिली करतो, म्हणून शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे प्रत्यक्ष काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे तिकिटाच्या मागच्या अटींत परदेशातल्या न्यायालयाचे नाव लिहिलेले असले तरी नागपुरात तक्रार दाखल करण्याचा मार्ग निदान विक्रेत्या एजंटाविरुद्ध तुम्हाला मोकळा आहे, आणि कंपनीचे भारतात कार्यालय असेल तर तिलाही पक्षकार करता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. परंतु तिकिटातल्या अटीच अन्यायकारक आहेत असा मुख्य मुद्दा करायचा असेल, तर तो जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. त्याचे खंडपीठ नागपुरात बसते. माझ्या मते तुम्ही त्या वाटेला जाऊ नये. तुमचा मुद्दा साधा आहे: एका श्रेणीचे पैसे घेतले आणि कमी दराच्या श्रेणीची वस्तू दिली. त्यालाच चिकटून राहा. मानसिक त्रास, सहलीचा विरस वगैरे अवास्तव रकमा मागितल्या की मूळ मुद्दा पातळ होतो.

पुरावा म्हणून पुस्तिकेचे ते पान, पावतीवरचा श्रेणी-संकेत, केबिनच्या क्रमांकाचा मेल, अडथळ्याच्या श्रेणीच्या वर्णनाची आजची प्रत आणि बसलेल्या उंचीवरून काढलेले छायाचित्र जोडा. बसलेल्या उंचीवरून हे महत्त्वाचे आहे. उभे राहून काढलेल्या छायाचित्रात समुद्र दिसतो आणि समोरचा वकील नेमके तेच पुढे करतो. स्वागतकक्षात तक्रार लेखी दिली होती काय? नसेल तर जहाजाच्या अॅपमधून पाठवलेला संदेशही चालतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळदा एवढ्यावरच एजंटाचा फोन येतो. तसे न झाल्यास वकिलामार्फत नोटीस, आणि मग ई-जागृती पोर्टलवरून तक्रार, असा क्रम ठेवावा.

सोनेगाव

या चर्चेनंतर मला थेट प्रश्न विचारायचा आहे. आमच्यासोबतही वडील आहेत, वय ७८. नव्या जहाजावर बाल्कनीची केबिन निवडायची तर नकाशात काय पाहावे?

यंत्रकक्ष

वडिलांसाठी असेल तर आधी लिफ्ट पाहा, मग बाल्कनी. जहाजाच्या मध्यभागी, लिफ्टपासून दोन-चार दारांवर आणि मधल्या मजल्यांवर केबिन घ्यावी. तेथे डोलणे सर्वांत कमी जाणवते. आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे, हे वरच्या-खालच्या मजल्यांचे नकाशे शेजारी ठेवून ताडून पाहावे. दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप मिळेल. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोल येतो. लाइफबोटींपासून वर किमान दोन मजले सोडावेत. अगदी पुढच्या टोकाच्या बाल्कन्या टाळाव्यात. तेथे वारा फार असतो आणि अनेक जहाजांवर पोलादी कठडा असतो. अगदी मागच्या टोकाच्या बाल्कन्या खोल आणि सुंदर असतात, पण लिफ्टपासून दूर पडतात आणि प्रॉपेलरची थरथर लागते. दोन केबिन शेजारी घेणार असाल तर मधली आडभिंत उघडणारी आहे काय हे विचारा. असेल तर केबिनचा कर्मचारी ती किल्लीने उघडून देतो आणि दोन लहान बाल्कन्यांची एक ऐसपैस होते. आणि क्रमांक हातात आल्याशिवाय पैसे भरू नका, मग सवलत कितीही असो.

धरमपेठ_प्रवास

एक पुस्ती जोडतो. तिघांची केबिन घेताना तिसरा पलंग भिंतीतून खाली येणारा आहे की सोफ्याचा, हे एजंटाकडून लेखी घ्यावे. सोफ्याचा असेल तर झिरोमाईल यांच्यासारखे दार अडते. वयस्कर माणसाला भिंतीतल्या पलंगावर चढवणेही शक्य नसते, तेव्हा तिघे असाल तर शेजारची आतली केबिन जोडीने घेणे पुष्कळदा स्वस्त आणि सोयीचे पडते. ज्येष्ठ मंडळी बाल्कनीत बसतात, तरुण मंडळी आतल्या केबिनमध्ये झोपतात.

झिरोमाईल

ताजी स्थिती सांगतो. हेल्पलाइनवर नोंद केल्यानंतर कंपनीचा मेल आला. त्यांनी खेद व्यक्त केला आहे आणि पुढील सहलीवर वापरता येईल असे सवलतपत्र देऊ केले आहे, ज्याची मुदत एक वर्षाची आहे. ते स्वीकारल्यास या प्रकरणी पुढे कोणताही दावा करणार नाही, असे मान्य करावे लागेल. आम्ही ते नाकारून दोन श्रेणींमधल्या दराचा फरक रोख मागितला आहे. त्याच दिवशी एजंटाने फोन करून आपल्या कमिशनातून काही रक्कम परत देण्याची तयारी दाखवली, परंतु तेवढ्याने फरक भरून निघत नाही. सनद_नागपूर, त्याची रक्कम घेतली तर कंपनीविरुद्धचा मुद्दा कमजोर होईल काय?

सनद_नागपूर

पावती करून घ्या आणि त्यात 'फरकाच्या रकमेपोटी अंशतः परतफेड' असे लिहून घ्या. 'सर्व दावे मिटले' अशा मजकुरावर सही करू नका. तसे लिहून मिळत असेल तर रक्कम घ्यावी. फरक देय आहे हे निदान एजंटाच्या बाजूने मान्य झाले असे दाखवायला तो कागद उपयोगी पडेल. सवलतपत्राचा मेल पुसू नका, तोही जोडायचा आहे.

सोनेगाव

आम्ही मधल्या भागातला, बोटींपासून तीन मजले वरचा क्रमांक नक्की केला. एजंट गॅरंटीत बरेच स्वस्त देत होता, नको म्हटले.